परदेशी कोण, ते युलाने ओळखायचं

युला ब्रिस्को स्ट्रॅटिस वूर्नासच्या हॉटेलात अकरा वर्षं स्वयंपाक करत होती, आणि या अकरा वर्षांत ती पुढच्या दाराने एकदाही आत आली नव्हती. मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, जाळीचं एक दार होतं. पहाटे पाचला ते उघडायचं, ॲप्रन बांधायचा आणि दुपारी तीनपर्यंत शेगडीसमोर उभं राहायचं. मेरीलँडमधून जाणाऱ्या चाळीस नंबरच्या रस्त्यावरचे ट्रकवाले तिच्या खेकड्याच्या टिक्क्यांसाठी मुद्दाम थांबायचे. त्या टिक्क्या थापणारे हात काळे आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. काळ्या गिऱ्हाइकाला मात्र आत बसता येत नसे. त्याने मागच्या बाजूला यायचं, कागदी पिशवीत खाणं घ्यायचं आणि गाडीत बसून खायचं.

युलाला चौकशीची भारी हौस. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ती, तिचा भाऊ रॅन्सम आणि वारलेल्या बहिणीची मुलगी नॅडीन, अशी तिघं राहायची. नॅडीन काळ्या मुलांच्या शाळेत शिकवत होती आणि रॅन्सम टोमॅटो डबाबंद करण्याच्या कारखान्यात होता. रॅन्सम म्हणायचा, "आमची युला मेली तरी आधी उठून विचारेल, कोण कोण आलंय म्हणून." युला हसायची आणि विचारायचं ते विचारायचीच. ट्रकमध्ये काय भरलंय, कुठे चाललंय, तिथले लोक त्याचं काय करतात. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायला हातभर रुंदीची खिडकी होती. तेवढ्यातून तिने बरंच जग पाहिलं होतं.

एकसष्ट सालच्या जून महिन्यात, एका सकाळी, त्या खिडकीतून तिला एक उंच काळा माणूस पुढच्या दाराने आत येताना दिसला. करडा सूट, हातात हॅट. तो सरळ आला, काउंटरपाशी उंच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "कॉफी द्याल का?"

डॉरीन नावाची बावीस वर्षांची गोरी मुलगी वाढायला होती. ती लाल झाली. "इथे नाही देता येणार. मागे जा, पिशवीत मिळेल."

"मला पिशवी नको," तो माणूस शांतपणे म्हणाला. "कॉफी हवी आहे."

त्याचे शब्द स्वच्छ होते, पण उच्चारांना वेगळाच हेल होता. स्ट्रॅटिस गल्ल्यावरून उठून आला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. तो माणूस क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, हॅट घालून उठला आणि निघून गेला. युला हातातलं उलथनं तसंच घेऊन मागच्या दाराशी धावली. लांब काळी गाडी वळत होती. तिची नंबरपाटी आसपासच्या कुठल्याच राज्याची नव्हती. आत तव्यावरची अंडी करपली.

पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनहून दोन साहेब आले. एक परराष्ट्र खात्यातला, तरुण, चष्मेवाला. दुसरा नुसता मान हलवणारा. गर्दी सरल्यावर ते काउंटरला बसले. युलाने त्या दिवशी बटाटे खिडकीखालीच ओढून घेतले आणि तिथेच सोलत बसली.

"मिस्टर वूर्नास," चष्मेवाला म्हणाला, "आफ्रिकेत गेल्या वर्षभरात सतरा नवे देश झाले. त्यांचे वकील, म्हणजे राजदूत, न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला याच रस्त्याने जातात. वाटेत त्यांना कुणी कॉफीचा घोट देत नाही. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या पेपरात ते छापून येतं."

"मॉस्कोच्या पेपरात माझं हॉटेल?"

"नावानिशी नाही. पण अमेरिका कशी आहे ते येतं. हे देश संयुक्त राष्ट्रांत मतं देतात. प्रत्येकाचं एक मत. आपल्या मताइतकंच."

स्ट्रॅटिसने कपाळ चोळलं. तो वाईट माणूस नव्हता. लेस्बोस बेटावरून सोळाव्या वर्षी आला होता. युद्धानंतर अमेरिकेने त्याच्या गावाला गव्हाच्या पिठाची पोती पाठवली, रिकाम्या पोत्यांचे बहिणीने परकर शिवले, ही गोष्ट तो कुणालाही सांगायचा. सरकार काही मागतंय म्हटल्यावर त्याला नाही म्हणणं जड जात होतं. पण गिऱ्हाइकाची भीतीही मोठी होती.

"देईन मी कॉफी," तो म्हणाला. "देशासाठी देईन. पण मला कळणार कसं, कोण वकील आणि कोण बाल्टिमोरचा ते? दोघंही काळेच."

चष्मेवाल्याने दुसऱ्या साहेबाकडे पाहिलं. दुसऱ्याने मान हलवली.

"आमची विनंती अशी आहे, की सगळ्यांनाच द्यावी," चष्मेवाला हळूच म्हणाला.

"सगळ्यांना नाही जमणार," स्ट्रॅटिस म्हणाला. "माझे ट्रकवाले उठून जातील. वकिलांना देईन."

साहेब गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. युला मान खाली घालून बटाटे सोलत होती.

"तू सगळं ऐकलंस ना?"

"थोडंफार, मिस्टर स्ट्रॅटिस."

"मग सांग, तुला ओळखता येईल? आपल्याकडचा कोण आणि तिकडचा कोण?"

युलाने सुरी खाली ठेवली. असा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर काय असेल याची तिलाच उत्सुकता वाटली. "बघून सांगते," ती म्हणाली.

मग असं ठरलं, की काळं गिऱ्हाईक पुढच्या दाराने आलं, की युलाने खिडकीतून बघायचं. परदेशी असेल तर खिडकीच्या फळीवर चिनी मातीचा कप ठेवायचा. इथला असेल तर कागदी पिशवी. डॉरीनने फळीवर बघून वागायचं.

संध्याकाळी घरी तिने हे सांगितलं, तेव्हा रॅन्सम इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे तू आता परराष्ट्र खातं. मी फ्रान्समध्ये दोन वर्षं लष्कराचा ट्रक चालवला, गोळ्या अंगावरून गेल्या. मी आलो तर काय ठेवशील?"

"तुला काय ठेवणार, रॅन्सम. तू पिशवीवाला."

"आणि तीनशे वर्षांपूर्वी माझा कुणी पूर्वज जहाजातून उतरला नसता, तिकडेच राहिला असता, तर?"

"तर कप," युला म्हणाली.

नॅडीनने शाळेतून जुना नकाशासंग्रह आणून दिला. गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकून दिलेली पुस्तकं काळ्यांच्या शाळेला मिळायची. हे त्यातलंच, युद्धाच्या आधीचं. त्यात आफ्रिका होती, पण नवे देश नव्हते. पश्चिमेला 'फ्रेंच वेस्ट आफ्रिका' नावाचा एक भलामोठा हिरवा पट्टा होता. मावशी-भाची रोज जेवणं झाल्यावर टेबलाशी बसायच्या. नॅडीन पेपरातून नावं वाचायची, युला पेन्सिलने त्या हिरव्यात रेघा ओढायची. दाहोमी. अप्पर व्होल्टा. नायजर.

"युला मावशी, सरळ रेघ नको गं. नदी आहे तिथे."

"नदी कुणीकडून कुणीकडे वाहते?"

"ते पेपरात नाहीये."

युलाला ते खटकायचं. एवढा देश झाला, त्याचा वकील मोटारीतून फिरतो, आणि त्याची नदी कुठे जाते हे कुणी छापत नाही.

ऑगस्टमध्ये तोच करड्या सूटचा माणूस परत आला. युलाने फळीवर कप ठेवला. डॉरीनने कॉफी ओतली. कोपऱ्यातले दोन ट्रकवाले वळून बघू लागले. स्ट्रॅटिस त्यांच्या कानाशी लागून "वकील आहेत, वकील" म्हणाला. मग त्यांची चुळबुळ थांबली. एकाने तर बिल देताना त्या माणसाला हात वर करून सलाम केला.

त्या माणसाने खेकड्याच्या टिक्क्या खाल्ल्या, आणखी दोन मागवल्या आणि बनवणाऱ्याला भेटायचंय म्हणून सांगितलं. युला हात पुसत बाहेर आली. गिऱ्हाइकं असताना ती त्या खोलीत प्रथमच उभी होती. आतून खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. तो माणूस तिच्यासाठी स्टुलावरून उठून उभा राहिला. कोपऱ्यातलं बोलणं थांबलं.

"माझं नाव आग्बेको," तो म्हणाला. "टोगोच्या वकिलातीत असतो. आमच्याकडे समुद्र आहे, खेकडे आहेत, पण हे असं नाही."

"टोगो," युला म्हणाली. "माझ्या नकाशात ते फ्रेंचांचं आहे."

"त्याच्या आधीच्या नकाशात जर्मनांचं असेल," आग्बेको म्हणाले आणि हसले. "आता आमचं आहे. लांबट, अरुंद. वरपासून खालपर्यंत एका दिवसात मोटारीने जाता येतं."

"आणि नद्या?"

"आहेत की. मोनो नावाची आहे. दक्षिणेला समुद्राला मिळते." मग त्यांनी शेजारचं स्टूल थोडं मागे ओढलं. "तुम्ही बसा ना. उभ्या का?"

डॉरीन काउंटर पुसायला लागली. ते आधीच स्वच्छ होतं. स्ट्रॅटिस गल्ल्यातली नाणी बघत राहिला.

"तव्यावर काम आहे, साहेब," युला म्हणाली.

आग्बेकोंनी आधी तिच्याकडे, मग स्टुलाकडे पाहिलं. त्यांना समजलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी स्टूल आत सरकवलं आणि स्वतःही पुन्हा बसले नाहीत. जाताना हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मी कोण हे त्यांना तुम्ही सांगता, असं ती वाढणारी मुलगी म्हणाली. तुम्ही ओळखता कसं?"

"तुम्ही दार उघडताना आत डोकावला नाहीत," युला म्हणाली. "आमच्याकडचा माणूस आधी काचेतून बघतो. आत कोण आहे, कोण उठतंय, कुठल्या दाराने बाहेर पडता येईल. तुम्ही नुसतं दार उघडलंत."

आग्बेकोंनी वळून दाराच्या काचेकडे पाहिलं. त्यांनी हॅट काढली, परत घातली आणि गेले.

ही खूण युलाने स्वतःच शोधली होती आणि ती पक्की होती. त्या उन्हाळ्यात तीन वेळा कप ठेवला आणि तिन्ही वेळा गिऱ्हाईक खरोखरच परदेशी निघालं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मात्र एक गृहस्थ आले. बरोबर बायको, निळी टोपी घातलेली. त्यांनी दार उघडलं, बायकोला आधी आत सोडलं आणि कुठेही न बघता मधल्या टेबलाशी जाऊन बसले. युलाने कप ठेवला. दोन कप. स्ट्रॅटिस स्वतः पुढे झाला, डॉरीनने त्यांना "महामहिम" म्हटलं. त्या गृहस्थांनी जरा भुवया उंचावल्या आणि दोघांसाठी चिकन मागवलं.

मग त्यांनी बायकोला विचारलं, "लोणी देऊ का गं?" आणि युलाने खिडकीतून ऐकलं. तो हेल डेलावेअरचा होता. इथून पस्तीस मैल.

फळीवरून कप उचलायला वेळ होता. युला उभी राहिली. तिला राग आला नव्हता, भीतीही वाटली नव्हती. तिला फक्त बघायचं होतं, आता काय होतं ते. काहीच झालं नाही. त्या दोघांनी चिकन खाल्लं, ॲपल पाय खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईने त्यांच्याकडून साखर मागून घेतली. छत जागेवर राहिलं. जाताना गृहस्थांनी स्ट्रॅटिसला आपलं कार्ड दिलं आणि स्ट्रॅटिसने ते न वाचताच आदराने खिशात ठेवलं.

तिथून पुढे युलाने कप ठेवताना हात आखडता घेतला नाही. दार न डोकावता उघडणारा कुणीही असो, कप. एका शिक्षिकेला तिने दाहोमी दिलं, एका पाद्र्याला अप्पर व्होल्टा. स्ट्रॅटिस विचारायचा, "कुठला म्हणालीस?" आणि ती सांगायची, तिला सगळे पाठ होते.

ऑक्टोबरात एक सार्जंट आला. ॲबर्डीनच्या तळावरचा असावा. अंगावर पूर्ण लष्करी पोशाख, छातीवर फिती. त्याने दार ढकललं आणि सरळ आत आला. युलाने कप ठेवला.

स्ट्रॅटिस तरातरा स्वयंपाकघरात आला. "युला, हा आपल्या सैन्यातला आहे. मला दिसतंय."

"तो बर्लिनहून आलाय, मिस्टर स्ट्रॅटिस. बाहेर ट्रकवाल्याला सांगत होता, मी ऐकलं. तिथे रशियनांनी भिंत घातलीय, तिच्यासमोर उभा होता."

"म्हणून तो परदेशी होतो?"

"मला वाटलं, एवढ्या लांबून आलाय."

स्ट्रॅटिसने खिशात हात घातला. तो नेहमी तोच कोट घालायचा, आणि महिनाभरापूर्वीचं कार्ड अजून त्यातच होतं. त्याने ते पहिल्यांदा वाचलं. 'एलिशा पर्नेल आणि मुलगे. अंत्यविधीची सर्व व्यवस्था. विल्मिंग्टन, डेलावेअर.'

त्याने कार्ड परत खिशात ठेवलं. मग म्हणाला, "मी तुला विश्वासाने काम दिलं होतं."

"तुम्ही मला बघायला सांगितलंत," युला म्हणाली. "मी बघितलं. पहिल्यांदा फरक दिसायचा. मग दिसेनासा झाला. आता तुम्हीच बघा, तुम्हाला दिसला तर मला सांगा."

"घरी जा," स्ट्रॅटिस म्हणाला. "आत्ताच."

तिने ॲप्रन खुंटीला लावला आणि गेली. सार्जंटचं काय झालं, ते तिला नंतर डॉरीनकडून समजलं. फळीवर कप होता, म्हणून डॉरीनने कॉफी ओतली होती. ती ओतून झाल्यावर परत कशी घेणार, म्हणून त्याला ती पिऊ दिली.

तीन दिवस युला घरी होती. तिने पडदे धुतले, रॅन्समच्या शर्टांची बटणं लावली. चौथ्या दिवशी दुपारी स्ट्रॅटिसची गाडी दाराशी थांबली. अकरा वर्षांत तो या गल्लीत कधी आला नव्हता. रॅन्सम पायऱ्यांवर बसला होता.

"काय मिस्टर वूर्नास," रॅन्सम म्हणाला, "पुढच्या दाराने आलात. बसा. आमच्याकडे सगळ्यांना बसू देतात."

स्ट्रॅटिस बसला. युला बाहेर आली. तो थकलेला दिसत होता, दाढी वाढलेली. "टिक्क्या फुटतात," तो म्हणाला. "मी केल्या. तव्यावर फुटतात."

"पाव जास्त झाला असेल."

"असेल." तो टोपी फिरवत राहिला. "पुढच्या महिन्यात विद्यार्थी येणार आहेत. बसगाड्या भरभरून. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, गोरे आणि काळे, दोघंही. या रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलात बसणार, उठवेपर्यंत. पण जे आधीच कबूल करतील, की सगळ्यांना वाढू, त्यांच्याकडे नाही येणार. त्यांचा कबुलीचा कागद माझ्याकडे आलाय. सही करायची की नाही?"

"मला विचारताय?"

"तुलाच विचारतो ना मी अशा गोष्टी."

रॅन्सम हसणार होता, पण युलाने त्याच्याकडे बघितलं आणि तो थांबला.

"करा सही," ती म्हणाली.

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"तर सकाळी थोडे कमी बटाटे सोलू."

स्ट्रॅटिसने रस्त्याकडे पाहिलं. "मी आलो तेव्हा माझ्या पाठीमागे पोरं ओरडायची," तो म्हणाला. "तेलकट ग्रीक म्हणून. मला वाटायचं, ती वेगळी गोष्ट." मग तो उठला. "उद्या पाचला येशील?"

"येईन," युला म्हणाली. "पण सही झालेली दिसली पाहिजे. आणि मी येईन पुढून."

दुसऱ्या दिवशी पहाटे कागद गल्ल्याच्या बाजूला काचेखाली ठेवलेला होता, शाई वाळलेली. युलाने तो उभ्यानेच वाचला, सगळा, खालच्या बारीक अक्षरांसकट. विद्यार्थी ठरल्याप्रमाणे त्या रस्त्यावर आले. ज्यांनी सही केली नव्हती त्यांच्या दारात आठवडाभर गोंधळ झाला, काही पोरांना पोलिसांनी नेलं. स्ट्रॅटिसचे चार ट्रकवाले कायमचे गेले. दोघं महिनाभराने परत आले आणि जणू कधी गेलेच नव्हते, असे खाऊ लागले.

रॅन्सम पहिल्या शनिवारी आला. चांगला कोट घालून, दाढी करून. तो काउंटरला बसला, डॉरीनने कॉफी दिली, त्याने घोट घेतला आणि खिडकीतून बहिणीला म्हणाला, "अगं युला, यासाठी एवढं सगळं? ही तर पाणी आहे."

"मी नाही करत कॉफी," युला म्हणाली. "डॉरीन करते. तिला सांग."

त्याने खरंच सांगितलं. डॉरीन फणकारली, पण दुसरा कप जरा कडक आला.

त्रेसष्टच्या जानेवारीत टोगोत सैनिकांनी राष्ट्राध्यक्षांना मारलं. पेपरात चार ओळी होत्या. युलाने वकिलातीला पत्र लिहून आग्बेकोंची चौकशी केली. नॅडीनने शुद्धलेखन तपासलं. उत्तर आठ महिन्यांनी, फ्रेंच तिकिटासारखं दिसणारं तिकीट लावून, थेट आफ्रिकेतून आलं. आग्बेको सुखरूप होते. वकिलातीतली नोकरी गेली होती, एका डोंगराळ गावात शाळेत शिकवत होते. पावसाविषयी लिहिलं होतं, मुलांविषयी लिहिलं होतं. राजकारणाबद्दल चकार शब्द नव्हता. त्या गाळलेल्या गोष्टींवर युला पुढचे कित्येक दिवस नॅडीनशी बोलत राहिली. काय झालं असेल, कुणी केलं असेल, आपल्या लोकांचा त्यात हात असेल का. नॅडीन म्हणायची, "मावशी, ते आपल्याला कुणी सांगणार नाही." युला म्हणायची, "विचारायला काय जातंय?" आणि वॉशिंग्टनच्या त्या चष्मेवाल्या साहेबांच्या खात्याला तिने तसं पत्र पाठवलं. आभाराचं छापील कार्ड आलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात शेजारून नवा, रुंद महामार्ग सुरू झाला आणि चाळीस नंबरचा रस्ता बघता बघता ओस पडला. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या देशासाठी कायदा झाला. आता कुणालाही कुठेही बसता येणार होतं. तोवर स्ट्रॅटिसकडे बसणारेच उरले नव्हते. पासष्टमध्ये त्याने हॉटेल विकलं आणि तो भावाकडे फ्लोरिडाला गेला. जाण्याआधी त्याने खेकड्यांच्या टिक्क्या एकदा युलासमोर करून बघितल्या. त्या दिवशी फुटल्या नाहीत.

युलाला गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथे आता गोरी आणि काळी मुलं एकाच रांगेत ताट घेऊन यायची. ती वाढता वाढता प्रत्येकाला काहीतरी विचारायची, आणि त्यामुळे तिची रांग इतरांपेक्षा नेहमी हळू चालायची. मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली. मुलं मात्र तिच्याच रांगेत उभी राहायची.